पहिले दोन किलो पाण्याचे

"वजन कमी करायचंय," एवढं चारचौघांत बोलण्याचा अवकाश, ऐकणाऱ्यांतले निम्मे आहारतज्ज्ञ होतात आणि उरलेले औषधविक्रेते. एक म्हणतो, कर्बोदकं सोडा. दुसरा म्हणतो, सोडू काहीच नका, फक्त संध्याकाळी सहानंतर तोंड उघडू नका. तिसऱ्याच्या मेव्हणीच्या जावेने कसलंसं इंजेक्शन घेतलं आणि ती आता ओळखूच येत नाही. गंमत म्हणजे यातलं कुणीही खोटं बोलत नसतं. प्रत्येकाचं वजन खरोखरच उतरलेलं असतं. पण उतरलं ते नेमकं काय, त्याची किंमत शरीराच्या कोणत्या भागाने मोजली, आणि बंद केल्यावर काय झालं, हे तीन प्रश्न विचारले की मैफल पांगते. शेवटच्या प्रश्नाला तर माणसं घड्याळ बघायला लागतात.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब सोपा आहे. शरीर यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, बाळगून असतं, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. खाणं, त्यातही कर्बोदकं, एकदम तोडली की काही दिवसांत हा साठा ओसरतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. अर्धा किलो साठा, दीड किलो पाणी, झाले दोन किलो. काटा खूश, आपण खूश. चरबीला मात्र या समारंभाचं आमंत्रणही गेलेलं नसतं.

चरबीचा भाव वेगळा आहे. एक किलो शारीरिक चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. रोज 500 कॅलरींची तूट ठेवली तर एक किलो जायला दोन आठवडे लागतात, तेही सुरुवातीला. पुढे शरीर काटकसर शिकतं आणि वेग मंदावतो. आता "सात दिवसांत पाच किलो"ची जाहिरात या गणितात घालून बघा. पाच किलो चरबीच्या 38,500 कॅलरी होतात, म्हणजे रोजची 5,500 ची तूट. सर्वसाधारण माणूस दिवसभरात खर्चच करतो दोन-अडीच हजार. म्हणजे सात दिवस अन्नाचा कण न घेता झोपून राहिला तरी हा पराक्रम जमणार नाही. जाहिरात लिहिणाऱ्याला गणित येत नसेल, असं मला वाटत नाही. ते आपल्याला येत नाही, हे मात्र त्याला पक्कं माहीत असतं.

मोजायचंच तर सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर मोजावं आणि आठवड्याची सरासरी काढावी. खारट जेवण, बद्धकोष्ठ, मासिक पाळी यांपैकी कशानेही काटा एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. त्यावर आनंद किंवा शोक करण्यात अर्थ नाही. जोडीला कमरेला टेप लावावी. टेपेला पाण्याने सहजासहजी फसवता येत नाही.

आता पथ्यांची वरात. कोबीच्या सूपचं पथ्य, ग्रेपफ्रूटचं पथ्य, रक्तगटाचं पथ्य, घड्याळाचं पथ्य. प्रत्येकाचं तत्त्वज्ञान निराळं, पण आतलं यंत्र एकच: काहीतरी खायला बंदी करायची. बंदी इतकी मोठी असते की माणूस आपोआप कमी खातो, आणि श्रेय कोबीला मिळतं. अमेरिकेत 609 जणांना वर्षभर दोन गटांत ठेवून झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. एका गटाने चरबी कमी खाल्ली, दुसऱ्याने कर्बोदकं. पहिल्याचे सरासरी 5.3 किलो गेले, दुसऱ्याचे 6. हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने नगण्य. प्रत्येक गटाच्या आत मात्र कुणाचे पंचवीसेक किलो गेले, तर कुणाचं वजन चक्क वाढलं. मला विचाराल तर अख्ख्या पथ्यशास्त्राचं सार एवढंच आहे, की ज्या पथ्यावर तुम्ही वर्षभर टिकाल ते तुमचं पथ्य. पण या वाक्यावर पुस्तक खपत नाही.

कीटोबद्दल दोन शब्द जास्त, कारण त्याचे भक्त जास्त. 1921 मध्ये ते मिरगीच्या रुग्णांसाठी तयार झालं; वजनाचा संबंध नंतर आला. दिवसाला कर्बोदकं 20 ते 50 ग्रॅमवर आणली की शरीर चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवून त्यावर चालतं. भूक खरंच कमी लागते. पण पहिल्या आठवड्यात पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून डोकं दुखतं, गळाल्यासारखं होतं, पायात गोळे येतात. लोक याला "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत" म्हणतात. बाहेर पडतंय ते सोडियम. आणि मधुमेहासाठी "ग्लिफ्लोझिन" शेपटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या वाटेला डॉक्टरांना न विचारता अजिबात जाऊ नये: रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊन माणूस अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो.

घाई केली की बिल पित्ताशयाकडे जातं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरू लागलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध पदार्थच नसल्याने पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तिथेच साचतं आणि खडे धरतात. म्हणून दिवसाला 800 कॅलरींखालचं पथ्य हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्तातले क्षार तपासत करायचं काम आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत नुसतं द्रव प्रथिन पिऊन राहण्याची लाट आली होती. ते प्रथिन निकृष्ट, क्षार अपुरे. कित्येक जण हृदयाचे ठोके बिघडून दगावले. वजन त्यांचंही उतरलं होतं.

आणि उपाशी माणसाच्या डोक्यात काय चालतं, हे 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात 36 तरुण स्वयंसेवकांवर तपासलं गेलं. 24 आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं. ते चिडचिडे झाले, थंडीने कुडकुडू लागले, स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसले, आणि मोकळीक मिळाल्यावर पोट भरूनही खातच राहिले. त्यांना दिवसाला मिळत होत्या सुमारे 1,570 कॅलरी. शास्त्रज्ञ ज्याला उपासमार म्हणत होते, त्याहून कमी कॅलरींचा तक्ता आज "डाएट प्लॅन" म्हणून रंगीत छापून मिळतो.

पथ्य आणि औषध यांच्या सीमेवर एक विनोदी प्रकार राहतो. 1954 मध्ये सिमिअन्स नावाच्या डॉक्टरांनी गर्भवतींच्या लघवीत सापडणारं एचसीजी हे संप्रेरक टोचून वजन उतरवण्याची पद्धत मांडली. सोबत अट एकच, दिवसाला 500 कॅलरी. आता 500 कॅलरींवर माणसाला नळाचं पाणी टोचलं तरी वजन उतरेल. अमेरिकेत या औषधाच्या लेबलवर, वजन कमी करण्यात ते उपयोगी असल्याचा पुरावा नाही, असं छापणं सक्तीचं आहे. तरीही ते टोचून घेणारे भेटतात.

खऱ्या औषधांचा इतिहास मात्र हसण्यासारखा नाही. 1933 पासून डायनायट्रोफिनॉल वापरात आलं. ते पेशीतली ऊर्जा थेट उष्णता म्हणून उधळून लावतं. वजन झरझर उतरायचं. सोबत मोतीबिंदू यायचा, आणि डोस थोडा चुकला की माणूस आतून तापून मरायचा. यावर उतारा आजही नाही, आणि तरी ते आजही चोरून विकलं जातं. फेनफ्लुरामीन 1997 मध्ये गेलं, हृदयाच्या झडपा बिघडवून. रिमोनाबँट 2008 मध्ये गेलं, नैराश्य देऊन. सिब्यूट्रामीन 2010 मध्ये गेलं, हृदयविकार आणि पक्षाघात वाढवून. ते बाजारातून गेलं म्हणजे कुठे गेलं? "शंभर टक्के वनस्पतिजन्य" म्हणवणाऱ्या चूर्ण-कॅप्सूलांमध्ये ते वारंवार सापडत आलं आहे. एखाद्या निनावी वनस्पतीने तुमची भूक मारून छातीत धडधड सुरू केली, तर ती वनस्पती कारखान्यात उगवलेली असण्याची शक्यता धरा.

टिकून राहिलेल्यांत ऑर्लिस्टॅटचा स्वभाव मला आवडतो. ते मेंदूच्या नादी लागत नाही, आतड्यातच चरबी पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. 120 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, जेवताना किंवा जेवणानंतर तासाभरात. खाल्लेल्या चरबीपैकी तीसेक टक्के न पचता पुढे सरकते. पुढे म्हणजे कुठे, हे ज्याने विचारलं नाही त्याला ते भर बैठकीत कळतं. तेलकट शौच, अचानक येणारी घाई, आणि वायूबरोबर बाहेर पडणारा पुरावा. जेवणात कॅलरींच्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त चरबी घेऊ नये, ही सूचना माहितीपत्रकात असते. पाळली नाही की ऑर्लिस्टॅट स्वतःच अंमलबजावणी करतं. जेवण चुकलं किंवा त्यात चरबीच नसली तर गोळीही चुकवावी. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबर वाहून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्यावं. थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं. इतकं सगळं करून वर्षाअखेरीस फक्त पथ्य करणाऱ्यांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त उतरतात.

आणि आता ती इंजेक्शनं. यांच्या मुळाशी एक सरडा आहे. गिला मॉन्स्टर नावाचा, अमेरिकेच्या वाळवंटात राहणारा आणि वर्षातून मोजक्या वेळा जेवणारा. त्याच्या विषात जॉन एंग या संशोधकाला असा पदार्थ सापडला, जो आपल्या आतड्यातल्या जीएलपी-1 संप्रेरकासारखं काम करतो, पण टिकतो जास्त. आपलं संप्रेरक दोनेक मिनिटांत मोडतं. या आपल्या संप्रेरकाचंच प्रयोगशाळेत सुधारलेलं रूप म्हणजे सेमाग्लुटाइड. ते निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, म्हणून सुई आठवड्यातून एकदा. जठर सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला "पुरे" हा निरोप लवकर पोहोचतो. 68 आठवड्यांच्या चाचणीत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं. नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. याच जातीच्या टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसने 72 आठवड्यांत 21 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे पाहून पथ्यांच्या लेखकांनी पेशा बदलायला हरकत नाही.

पण सेमाग्लुटाइडच्या डोसची शिडी बघा: 0.25 मिलिग्रॅम, मग 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. पहिली पायरी वजनासाठी नसतेच, पोटाला सवय व्हावी म्हणून असते. तेव्हा "पुढच्या महिन्यात समारंभ आहे, चार किलो उतरवायचेत" म्हणणाऱ्याच्या पदरी मळमळ पडते आणि समारंभ उलटून जातो. तसंही ही औषधं बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 30 च्या वर, किंवा 27 च्या वर आणि सोबत रक्तदाब-मधुमेहासारखं काही असलेल्यांसाठी आहेत. आशियाई शरीरांसाठी बरेच डॉक्टर ही रेषा खाली ओढतात. चार किलोवाल्यांसाठी जिने आहेत.

काय बिघडतं? मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ. बहुतेक वेळा कारण एकच, डोस वाढला तरी ताट पूर्वीइतकंच. थोडं, सावकाश, कमी तेलकट खायचं आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की उठायचं. उलट्या चालू राहून पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडाला फटका बसतो. पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीत जाणारी कळ आली तर सुई बंद आणि थेट रुग्णालय, कारण तो स्वादुपिंडाचा दाह असू शकतो. तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला असेल तर हे औषध नाही. दिवस राहण्याचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं. टिर्झेपटाइड सुरू करताना आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकट्या भिस्त ठेवायची नाही. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचंच, कारण उपाशी राहूनही जठरात जेवण शिल्लक असू शकतं. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या वजनाबरोबर कमी कराव्या लागतात. नाहीतर साखर उतरते, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

स्वस्तात मिळालेली कुपी आणि वेगळी सिरिंज हा धोका सगळ्यांत मूर्खपणाचा. सिरिंजवर खुणा असतात युनिटच्या, डोस लिहिलेला असतो मिलिग्रॅममध्ये, आणि घाईत पाचपट-दहापट औषध टोचून घेतलेल्यांची नोंद आहे. पुढचे कित्येक दिवस त्यांना वजनाची आठवणही येत नाही.

उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. म्हणून वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं (मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारून) आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. भूकच नसताना प्रथिनं खाणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ताटात तीच आधी संपवायची.

आणि बंद केल्यावर? सेमाग्लुटाइडच्याच चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश वजन परत आलं. यावर लोक औषधाला शिव्या देतात. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर रक्तदाब वाढला तर गोळीला कुणी शिव्या देत नाही. सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं: किती वर्षं घ्यायचं, पूर्ण डोसवर तीन महिन्यांत पाच टक्केही उतरलं नाही तर काय करायचं, थांबवायचं तर कसं. थांबवल्यानंतर दर आठवड्याची सरासरी लिहीत राहायची आणि तीन किलो वाढले की जायचं, दहा व्हायची वाट बघायची नाही. दहा घेऊन गेलात तरी डॉक्टर रागावणार नाहीत. पण मध्ये बरेच महिने गेले असतील तर शिडी पुन्हा 0.25 पासून चढावी लागते. आणि मळमळही पहिल्यापासून.