चिंतन दिन आणि वळिवडे

दरवर्षी २२ फेब्रुवारीला कोल्हापुरातल्या अनेक शाळांत स्काऊट-गाईडचा चिंतन दिन साजरा होतो. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, त्यांच्या चरित्रावर भाषण होते, सर्वधर्म प्रार्थना होते आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर येतात. यात वावगे काहीच नाही, प्रार्थना तर मला मनापासून आवडते. पण हा दिवस ज्यासाठी नेमला गेला, ती देशोदेशीच्या मुलींची मैत्री या तासाभराच्या कार्यक्रमात फारशी कुठे दिसत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात हा दिवस गाईड, म्हणजे स्काऊटच्या धर्तीवरच्या मुलींच्या चळवळीतल्या स्त्रियांनी ठरवलेला आहे. १९२६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एडिथ मेसी शिबिरस्थळी गाईडची चौथी जागतिक परिषद भरली होती. जगभरच्या गाईडनी वर्षातून एकदा एकमेकींची आठवण काढावी, असे तिथे ठरले आणि त्यासाठी २२ फेब्रुवारी निवडली गेली. रॉबर्ट बेडन पॉवेल (१८५७) आणि ओलेव बेडन पॉवेल (१८८९) या दोघांचाही जन्म त्याच तारखेचा. आपल्याकडच्या भाषणांत मात्र मेफकिंगचा वेढा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात बेडन पॉवेल यांनी गाजवलेला पराक्रम, सविस्तर येतो आणि ओलेवबाई ‘त्यांच्या पत्नी’ एवढ्यावर आटोपतात. पुढे जागतिक गाईड प्रमुख झालेल्या बाईंच्या वाट्याला, तेही मुलींच्या कार्यक्रमात, निदान चार वाक्ये तरी यावीत.

या दिवसाला खरा अर्थ आला तो १९३२ मध्ये. पोलंडमधल्या बुचे या गावी सातवी जागतिक परिषद भरली असताना बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचवले की, वाढदिवस म्हटला की भेट आलीच, तेव्हा मुलींनी या दिवशी चळवळीला काहीतरी द्यावे. त्यानंतर ओलेवबाईंनी जगभरच्या गाईडना पत्र लिहून एकेक पेनी बाजूला काढायला सांगितले. त्यातूनच चिंतन दिन निधी उभा राहिला आणि इतर देशांतल्या मुलींसाठीच्या कामाला तो आजही उपयोगी पडतो. रक्कम मुद्दामच क्षुल्लक ठेवली होती, म्हणजे गरिबाघरच्या मुलीलाही ती स्वतःच्या हिमतीवर देता यावी.

आपल्याकडे या देण्याला जोडता येईल असा उत्तम उपक्रम आधीपासून आहे, तो म्हणजे ‘खरी कमाई’, मुलांनी स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवण्याचा. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी त्याचा खाऊमेळावा झाला आहे. आईने पहाटे उठून मिसळीचा कट काढायचा, वडिलांनी डबे गाडीवरून शाळेत पोचवायचे आणि दुपारी त्याच दोघांनी येऊन ती मिसळ विकत घ्यायची. यात मुलांनी नेमके काय कमावले, ते मला अजून उमगलेले नाही. याउलट आमच्या गल्लीत मागे दोन गाईड मुली जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून, सुई-दोऱ्याने शिवून, वर कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचे वेष्टन घालून वह्या विकत होत्या. एका आजींनी पाच रुपयांना मागितली, तेव्हा त्यातली धाकटी म्हणाली, “आज्जी, धा रुपयेच हाईत, पण शिवण वढून बघा की.” आजींनी खरोखरच ओढून पाहिली आणि दोन घेतल्या. अशा पैशातला एक रुपया चिंतन दिनाच्या डब्यात पडला, तर तो ओलेवबाईंच्या पेनीच्या तोडीचा ठरेल.

आता मैत्रीबद्दल. गाईडने सर्वांशी मैत्रीने वागावे आणि दुसऱ्या प्रत्येक गाईडला बहीण मानावे, हा नियम मुलींना पाठ असतो. परंतु दुसऱ्या देशातली गाईड म्हणजे कोण, याचे कोणतेही चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे नसते. ते उभे करायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा विरळाच. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात नेऊन टाकलेली, तिथून सुटून इराणमार्गे भारतात आलेली सुमारे ५,००० पोलिश माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवडे गावातल्या छावणीत राहत होती. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते आणि पोलिश स्काऊट-गाईडची पथकेही होती. ज्या देशात एका पेनीची कल्पना निघाली, त्याच देशातल्या मुली पुढे घरदार गमावून आपल्या वेशीवर गणवेश घालून उभ्या राहत होत्या, ही गोष्ट चिंतन दिनाच्या भाषणात माझ्या कानांवर एकदाही आलेली नाही. ते लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर वसले. कापड खरेदीला आपण सगळेच तिथे जातो.

म्हणून माझी सूचना अशी की, २२ फेब्रुवारीच्या सकाळी हाराचा कार्यक्रम दहा मिनिटांत उरकून मुलांना महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाकडे न्यावे आणि तिथून वळिवड्याला. त्याआधी महिनाभर प्रत्येक संघाने एकेक देश निवडावा, तिथल्या मुली शाळेत कशा जातात, काय खातात, कशाला घाबरतात, ते शोधावे आणि पत्र लिहावे. पत्र पाठवायचे कुठे, हा प्रश्न असेल तर पुण्यात १९६६ पासून ‘संगम’ हे गाईडचे जागतिक केंद्र आहे. निरनिराळ्या देशांतल्या गाईड तिथे येत असतात, तेव्हा आधी त्यांनाच विचारावे. इंग्रजी कच्चे असले तरी बिघडत नाही, समोरचीचेही बहुधा तसेच असेल.

फेब्रुवारीत परीक्षांची धामधूम असते, शिक्षकांना वेळ नसतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटाही नाही. पण दहावीच्या मुलांना यातून वगळता येते, खरी कमाई जानेवारीतच उरकता येते आणि गांधीनगरला जाऊन यायला अर्धा दिवस पुरतो. शिक्षकांना सवड नसेल तर मुलांना घेऊन जायला आम्ही काही पालक तयार आहोत. शाळांनी फक्त होकार कळवावा.