रोजचं बटण जागेवर राहू द्या

मालवणच्या बाजारात माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, स्क्रीनगार्ड, बॅटरी ही कामं आहेतच, पण हल्ली बरीच माणसं वेगळंच गाऱ्हाणं घेऊन येतात. काकी फोन पुढे धरतात आणि विचारतात, "रे झिला, काल हय होता, आज खय गेला?" रात्रीत अ‍ॅप आपोआप अपडेट झालेलं असतं आणि रोजचं बटण दुसरीकडे गेलेलं असतं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांत दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, जेवढ्या सोयी घालाल तेवढं गिऱ्हाईक टिकेल. दुसरा म्हणतो, सगळं काढा, पडदा मोकळा ठेवा. काउंटरवर उभं राहून बघणाऱ्या मला दोघांचाही जाच सारखाच वाटतो, कारण दोघंही आधी हात घालतात तो माणसाच्या रोजच्या कामाला.

यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, एवढंच शिकवावं लागायचं. म्हणून ते मासळीबाजारापर्यंत पोचलं. आज पैशांचं एखादं अ‍ॅप उघडलं की कर्ज, विमा, सोनं, तिकिटं, बक्षिसाची कार्डं असा सगळा बाजार समोर येतो आणि पैसे आले की नाही हे बघायला खाली सरकत बसावं लागतं. बांगड्याचा वाटा विकणाऱ्या बाईला फक्त पैसे आले का आणि किती आले, एवढंच हवं असतं. ते तिला मिळालं साउंडबॉक्समुळे. तो मराठीत रक्कम सांगतो आणि गप्प बसतो. म्हणजे भर घालूनही सोपं करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१३ साली आवाजी निरोप आणला, तीही भरच होती. मालवणीत टाइप करायला बसलं की कीबोर्ड शब्द बदलत सुटतो. इथल्या माणसांना त्या माइकच्या चिन्हाने केवढी मोकळीक दिली! लिहायची जागा होती तिथेच राहिली, माइक तिच्या शेजारी आला. त्याच व्हॉट्सअ‍ॅपने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेटसला फोटो-व्हिडिओचं रूप दिलं आणि जुनं साधं अक्षरी स्टेटस काढून टाकलं. लोकांनी एवढी ओरड केली की मार्चमध्ये ते परत आणावं लागलं. मायक्रोसॉफ्टलाही विंडोज ८ मध्ये काढलेलं स्टार्ट बटण २०१३ साली ८.१ मध्ये पुन्हा द्यावं लागलं.

स्वयंपाक करताना हात न बघता मिठाच्या बरणीकडे जातो. घरात मिक्सर आणा, ओव्हन आणा, पण ती बरणी हलवू नका.

आता दुसऱ्या पंथाबद्दल, कारण त्यांचं कौतुक फार होतं. इथल्या मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर एकदा फोन वापरून बघा. डोक्यावर ऊन, हात ओले, बोटांना खवले, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. पडद्याला बोट कळतं ते विजेच्या बारीक फरकावरून, आणि खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. त्यामुळे पडदा गोंधळतो, बोट एकीकडे लागतं आणि उघडतं भलतंच. त्यात डिझाइन सुटसुटीत दिसावं म्हणून पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं. उन्हात ती दिसतच नाहीत. साध्या मजकुराचा रंग आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढं प्रमाण हवं, हे वेबच्या सुलभतेच्या नियमांत केव्हाचं लिहिलेलं आहे. बोटाला लागणारी जागा किमान ४८ डीपी (पडद्यावरचं अंतर मोजायचं माप) ठेवा, असं अँड्रॉइडची मार्गदर्शिका सांगते. हे पाळायला खर्च तो कितीसा?

बटणावरचं नाव पुसून नुसतं चिन्ह ठेवलं, की ज्याला ते चिन्ह ठाऊक नाही त्याच्यासाठी ते बटण नसल्यासारखंच. मेनूच्या त्या तीन आडव्या रेघा नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या स्टार संगणकासाठी काढल्या. तो १९८१ साली आला. एवढ्या वर्षांनीही माझ्या दुकानात येणाऱ्या कित्येकांना त्या रेघांवर बोट ठेवायचं असतं हे सांगावं लागतं. शेजारी 'मेनू' एवढं लिहिलं असतं तरी काम झालं असतं.

कट-कॉपी-पेस्ट आपल्याला देणारे लॅरी टेस्लर म्हणायचे, की कामातली गुंतागुंत एका हद्दीपलीकडे कमी होत नाही, प्रश्न एवढाच की ती सोसायची कुणी. बनवणाऱ्याने पडदा मोकळा दिसावा म्हणून ती लपवली, तर ती वापरणाऱ्याच्या गळ्यात पडते. वापरणाऱ्याला नाही झेपली, तर माझ्या काउंटरवर येते. मी सांगतो, पैसे घेत नाही. पण घरात कुणी तरणं माणूस नाही, मुलगा मुंबईला, अशा माणसाने पेन्शन जमा झाली का हे बघायला एसटीने मालवणात का यावं?

आपल्या सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं पुण्या-मुंबईत अ‍ॅप बनवण्याच्या कामात आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नवीन सोय जरूर आणा, पण ती मागे राहू दे, रोजची कामं पुढे आणि ठरल्या जागी राहू देत, त्यांची नावं मराठीत लिहा, आणि जागा बदलायचीच असेल तर जुनी मांडणी ठेवायचा पर्याय द्या. गणपतीला गावाला याल तेव्हा ते नवं डिझाइन फोनात घेऊन या. आजीच्या हातात द्या आणि काही सांगू नका, बोट कुठे जातं तेवढं बघा. वेळ असेल तर दुकानातही या. सकाळी दहा ते दुपारी एक गर्दी असते, तासभर माझ्या शेजारी उभे राहा.