नकाशा काढायच्या आधी त्या चौदा घरी जा

१८ जानेवारी २०२४. बडोद्यातल्या हरणीच्या तळावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली, बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. बडोद्यात हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९९३ मध्ये सुरसागरात बोट बुडून २२ जण गेले होते. सुरसागर दांडिया बाजारापासून चार पावलांवर, तरी आमच्याकडच्या तरुण पोरांना ती गोष्ट सांगावी लागते.

म्हणून हरणीचं स्मारक व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण आपल्याकडे स्मारक कसं होतं ते आपण सगळे जाणतो. ठराव, टेंडर, ग्रॅनाइटचा चबुतरा, भोवती लॉन आणि कोनशिलेवर उद्घाटकांची नावं. घरच्यांना बोलावणं येतं ते थेट उद्घाटनाचं. तसं होणार असेल तर नकोच.

माझं म्हणणं एवढंच की पहिली रेघ मारायच्या आधी त्या चौदा घरी जाऊन बसा. जी मुलं गेली ती हिंदू घरांतली होती, तशीच मुसलमान घरांतलीही. एका घरात फोटोला रोज हार घालतात, दुसऱ्या घरात भिंतीवर फोटो लावणंच मान्य नसेल. मग पुतळा बसवायचा की नाही, चेहरे कोरायचे की नुसती नावं, दिवा लावायची जागा ठेवायची की झाडं लावायची, हे कुठल्या आर्किटेक्टने ऑफिसात बसून ठरवायचं? आणि जागा? एखाद्या आईला त्या पाण्याच्या काठी पुन्हा पाऊलही टाकवत नसेल. तिला तळावावरच स्मारक हवं, असं आपण परस्पर कसं धरून चालायचं? एखादा बाप म्हणेल, मला काहीच नको, माझ्या मुलाचं नावही लिहू नका. त्याचंही ऐकायला हवं.

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत १९९५ च्या बॉम्बस्फोटात १६८ माणसं गेली. तिथे ३५० जणांची समिती नेमली, त्यात घरचे होते, वाचलेले होते. स्मारक कशासाठी हवं हे त्यांनी आधी लिहून काढलं, डिझाइनची स्पर्धा त्यानंतर. आज तिथे १६८ खुर्च्या आहेत, त्यातल्या १९ लहान, मुलांच्या. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकावर २,९८३ नावं आहेत, पण ती बाराखडीच्या क्रमाने नाहीत. कुणाचं नाव कुणाशेजारी हवं हे घरच्यांना विचारलं आणि अशा बाराशेच्या वर विनंत्या आल्या. दोन मित्र, दोन भाऊ, एका ऑफिसातले सोबती शेजारी आले. आपल्याला तर चौदाच नावं लावायची आहेत. कोण कुणाच्या बाकावर बसायचं, हे त्या वर्गातल्या वाचलेल्या मुलांना ठाऊक आहे. त्यांनाही विचारा, जबरदस्ती न करता.

लांब कशाला, आपल्या गुजरातमध्येच अंजारला २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात प्रभातफेरीतली १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. त्यांच्या स्मारकाचं लोकार्पण झालं ऑगस्ट २०२२ मध्ये. एकवीस वर्षं! इतकी वाट पाहायला लावू नये.

आणि घाईही करू नये. हरणीचे खटले चालू आहेत, मनं पेटलेली आहेत. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या इथल्या कार्यक्रमात गेलेल्या मुलांच्या दोन आया भर सभेत उभ्या राहून बोलू लागल्या, तर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. ज्या बायकांना आपलं गाऱ्हाणं असं मांडावं लागतं, त्यांच्यासमोर दगडाचे नमुने ठेवून 'यातला कुठला आवडला?' कसं विचारणार? आधी त्यांचं ऐका, मग दगड.

बाकी शहराचं मतही घ्या, पण ते दुसरं. संध्याकाळी, कामावरून लोक सुटल्यावर सभा घ्या, गुजरातीत, हिंदीत, मराठीत. दगडावर काय लिहायचं हा वाद तिथे होणारच. 'दुर्दैवी घटना' एवढंच लिहून मोकळं होऊ नये, बोटीत किती मुलं बसवली होती आणि किती जणांना जॅकेट दिलं नव्हतं हे स्वच्छ लिहावं, असं माझं मत मी त्या सभेत मांडेन. घरच्यांना ते नको असेल, तर माझा आग्रह नाही.