लक्ष्मणफळ, पीएसए आणि मामांचा चौथा डोस

मामांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय, हार्मोनची इंजेक्शनं चालेनाशी झाली म्हणून डोसिटॅक्सेल ही केमो सुरू आहे. चौथा डोस तोंडावर असताना सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मामा म्हणाले, "पुरे आता." मेसेज म्हणतो: केमोने माणूस लवकर जातो, पीएसए (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढला म्हणजे केमो फेल, डॉक्टर स्वतः केमो घेत नाहीत, आणि लक्ष्मणफळ (सीताफळाच्या कुळातलं फळ) केमोच्या 10,000 पट गुणकारी.

आधी ते 10,000. 1996 साली या फळाच्या बियांतला एक घटक प्रयोगशाळेत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहिला, तुलना अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या दुसऱ्याच औषधाशी. म्हणजे ना माणूस, ना प्रोस्टेट, ना मामांचं औषध! काचेच्या बशीतल्या पेशी फिनेलनेही मरतात. उलट कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार दिसल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलंय. मामींनी पानं उकळत ठेवली होती, मी पातेलं मोरीत ओतलं.

"लवकर जातो" हे धादांत खोटं. टॅक्स 327 हा 2004 चा अभ्यास याच अवस्थेतल्या 1006 रुग्णांवर झाला. दर तीन आठवड्यांनी डोसिटॅक्सेल घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) 18.9 महिने, मायटोझँट्रोन हे जुनं औषध घेणाऱ्यांचं 16.5. दुखणं कमी झालं ते 35 टक्के लोकांचं, जुन्या औषधाने 22.

पीएसए काहींचा सुरुवातीच्या आठवड्यांत चढतो आणि मग उतरतो. म्हणून पहिल्या 12 आठवड्यांत निव्वळ त्या आकड्यावरून केमो बंद करत नाहीत. मामांचे तर अजून नऊच झालेत.

डॉक्टर घेत नाहीत म्हणे. कोणते डॉक्टर? ना नाव, ना गाव.

एवढं मात्र मान्य करावं लागतं की केमो अंगावर येते. मामांची नखं काळवंडलीत, बोटं बधिर, शर्टाची बटणं मामी लावून देतात. आणि जेमतेम अडीच महिन्यांचा फरक काही डोंगराएवढा नाही. स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला, अंगात त्राणच उरलं नाही, किंवा सगळं समजून घेऊनही मामांना नकोच असेल, तर थांबावं. वेदनाशामक उपचार तेव्हाही चालूच राहतात. पण हे डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं: डोस कमी करता येईल का, पुढचा डोस लांबवता येईल का, हे विचारून.

आणि मामी, ताप 100.4 किंवा त्याहून वर गेला तर काढा नको, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा. केमोत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नसतं.