‘जुना चार्जर लावा, दहा हजार गेम खेळा’: या फॉरवर्डमधलं खरं किती?

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की हा मेसेज हमखास फिरतो: ‘रास्पबेरी पाय घ्या, घरात पडलेला मोबाइलचा चार्जर लावा, कुठलंही मेमरी कार्ड टाका. दहा मिनिटांत दहा हजार गेमचा कन्सोल तयार. पीएस २ सुद्धा पळतो. जुन्या गेमचा कॉपीराइट कधीच संपलाय. खेळून झालं की स्विच बंद.’ रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक बोर्ड, आणि पाय ४ हे त्याचं चौथं मॉडेल. त्यावर रेट्रोपाय नावाची सिस्टिम टाकली की जुन्या कन्सोलचे गेम टीव्हीवर चालतात. कल्पना चांगली आहे. पाय ४ वर निन्टेन्डो आणि सेगाचे जुने कन्सोल आणि पहिलं प्लेस्टेशन खरंच झकास चालतं. पण एवढ्यावर विसंबून मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठलात, तर निम्मी खरेदी चुकणार.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते चार्जरपाशी. पाय ४ ला ५.१ व्होल्टला ३ अँपिअर देणारा सप्लाय लागतो. फास्ट चार्जरवर ‘१८ वॅट’ लिहिलेलं असतं, पण ते बहुधा ९ व्होल्टला २ अँपिअर असतात, आणि पाय ४ चार्जरकडे ९ व्होल्ट मागतच नाही. म्हणून लेबलवरची ५ व्होल्टची ओळ वाचा. दुसरा चोर म्हणजे केबल. तिचा एकूण रोध पाव ओहम असला आणि बोर्डने २ अँपिअर ओढले, तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ५.१ चे उरतात ४.६, आणि ४.६३ च्या खाली पाय कमी व्होल्टेजची नोंद करून वेग उतरवतो. फोनला त्याच चार्जरने काही होत नाही, कारण तो फार तर सावकाश चार्ज होतो. इथे मात्र आवाज तुटतो, कंट्रोलर मध्येच सुटतो आणि दोष येतो गेमवर. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली, की आधी केबल बदला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) या आज्ञेचं उत्तर शून्य (0x0) यायला हवं. ५०००५ (0x50005) आलं, तर त्या क्षणीही वीज कमी पडतेय.

वेग उतरण्याचं दुसरं कारण उष्णता. चिप ८० अंशांना पोचली की पाय ४ स्वतःच मंदावतो. मुंबईच्या मे महिन्यात टीव्हीच्या बंद कपाटात तिथवर जायला वेळ लागत नाही. पंख्याची किंवा अॅल्युमिनियमची केस घ्या आणि ती कपाटाबाहेर ठेवा.

‘कुठलंही कार्ड’ नको. नकली कार्ड १२८ जीबी सांगतं आणि आत असतात आठ. सिस्टिमची इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची तयार फाइल, त्यात सहज बसते, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. गेम भरायला घेतले की फाइली बिघडतात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw), लिनक्सवर एफ३ (F3) हे तपासणीचे प्रोग्राम चालवून आधी पूर्ण कार्ड तपासा. खरं ३२ जीबी कार्ड भरपूर झालं. टीव्हीची नेहमीची एचडीएमआय केबलही पाय ४ मध्ये शिरत नाही, मायक्रो एचडीएमआय लागते. वीज जोडतो त्याच्या शेजारचं पोर्ट वापरा. दहा मिनिटं? इमेज लिहून पडताळण्यातच जातील.

आता ते दहा हजार गेम. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत तेच पाच-सात गेम फिरून फिरून यायचे; दहा हजार गेमचे हे पॅक त्याच वळणाचे. आर्केडचे, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचे, गेम तर वेगळीच डोकेदुखी. आर्केडची झिप म्हणजे मूळ बोर्डावरच्या चिप्सच्या प्रतींचा संच, आणि प्रत्येक एम्युलेटरला, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, ठरावीक आवृत्तीचाच संच लागतो. मेम २००३ (MAME 2003) या एम्युलेटरला ०.७८ आवृत्तीचा, एफबीनिओला (FBNeo) त्याचा स्वतःचा ताजा. संच जुळला नाही, की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि तुम्ही परत मेन्यूत. बोर्ड खराब नसतो. रेट्रोपायच्या रनकमांड लॉगमध्ये (runcommand.log ही नोंदींची फाइल) कोणती चिप सापडली नाही ते लिहिलेलं असतं. ती झिप उघडू नका, नाव बदलू नका. निओ जिओ या आर्केड मशीनच्या गेमशेजारी ‘निओजिओ’ (neogeo.zip) नावाची बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, झिपही हवी.

पीएस २ चं, म्हणजे प्लेस्टेशन २ चं, सोडूनच द्या. पाय ४ ला ते झेपत नाही. निन्टेन्डो ६४ चे काही गेमसुद्धा अडखळतात.

कॉपीराइट संपल्याची गोष्ट साफ खोटी. भारतात सॉफ्टवेअर हे कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीत मोडतं. १९८५ च्या गेमचं संरक्षण किमान २०४५ संपेपर्यंत राहतं. कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरली तर शिक्षा आहे. नफ्यासाठी नसेल तर न्यायालय तुरुंगवास टाळून ५०,००० रुपयांपर्यंतचा दंड करू शकतं. कायदेशीररीत्या तुमच्याकडे असलेल्या प्रतीची राखीव प्रत काढायला कलम ५२ मुभा देतं. शिवाय जुन्या कन्सोलसाठी आजही नवे गेम लिहिणारे हौशी लोक ते फुकट देतात. सुरुवात तिथून करा.

राहिला स्विच. रेट्रोपायमध्ये बहुतेक एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम रेट्रोआर्च गेममधलं सेव्ह साधारणपणे गेममधून बाहेर पडताना कार्डावर लिहितं. चालू गेममध्ये वीज काढलीत की ते गेलं, आणि नेमकं लिहिणं सुरू असेल तर कार्डच बिघडू शकतं. उपाय अगदी स्वस्त आहे. पाय ४ च्या पिन ५ आणि ६ मध्ये साधं पुश बटण जोडा आणि कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt) ‘जीपीआयओ-शटडाउन’ या सेटिंगची (dtoverlay=gpio-shutdown) ओळ टाका. आधी गेममधून बाहेर या, मग बटण दाबा. सिस्टिम नीट बंद होते आणि तेच बटण पुन्हा दाबलं की सुरू होते.