सूक्ष्मदेहासाठी टेकडी सोडू नका

पुण्यातल्या योगवर्गांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सूक्ष्मदेहानं बाहेर पडण्याची, म्हणजे ॲस्ट्रल प्रोजेक्शनची, साधना करायची असेल तर ४० दिवस चालणं, सूर्यनमस्कार, जिम सगळं बंद ठेवा, असं त्यात म्हटलंय. कारणं चार दिली आहेत: व्यायामानं स्नायू ताठर होतात आणि अंग सैल सोडता येत नाही, हृदयाची गती वाढते, प्राण खर्च होतो, आणि हठयोगाच्या ग्रंथांनीच श्रम निषिद्ध ठरवलेत. शेवटी कृती आहे. पहाटे ३ वाजता उपाशीपोटी उठायचं, पुन्हा आडवं व्हायचं आणि अंगाला थरथर सुटली, घाम फुटला, छाती धडधडली की सूक्ष्मदेह सुटू लागला असं समजून तसंच पडून राहायचं.

मी सहकारनगरात संध्याकाळी शवासन आणि योगनिद्रेचा वर्ग घेते. हा मेसेज वाचून वर्गातल्या काही जणांनी तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणं थांबवलं. त्यातल्या एका काकांना मधुमेह आहे. म्हणून शेवटचा मुद्दा मी आधी घेते.

रात्री इन्सुलिन घेणाऱ्या किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू असणाऱ्या माणसाला पहाटे उपाशीपोटी थरथर सुटली, दरदरून घाम आला, छाती धडधडू लागली, तर ती रक्तातली साखर धोकादायक उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी पडून राहायचं नसतं. ताबडतोब उठून ग्लुकोमीटरवर साखर बघायची. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, घरातल्या कुणाला तरी उठवायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हेच लक्षण ‘साधनेतली प्रगती’ म्हणून सांगणारा मेसेज पुढे ढकलणं मला अक्षम्य वाटतं. त्यात ४० दिवस चालणं बंद! चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर पूर्ण अवलंबून राहावं लागत नाही. नंतरही दिवसभर इन्सुलिनचा परिणाम बरा होत राहतो. मधुमेही माणसाकडून हे काढून घ्यायचं आणि बदल्यात काय द्यायचं?

आता स्नायूंचा मुद्दा. हा मी रोज डोळ्यांनी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ऑफिसमधून गाडी हाणत थेट वर्गात आलेला माणूस सतरंजीवर आडवा होतो. डोळे मिटलेले, चेहरा शांत. पण जवळ जाऊन पाहिलं तर दात एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, जीभ टाळूला चिकटलेली, हाताचे अंगठे मुठीत शिरलेले, आणि खांदे सतरंजीपासून दोन बोटं वर. हलक्या हातानं मनगट उचलून सोडलं तर हात खाली पडत नाही, हवेतच राहतो. विचारलं तर अगदी मनापासून सांगतो, “ताई, मी एकदम रिलॅक्स आहे.” तो खोटं बोलत नसतो. आपण आवळून धरलंय हेच त्याला जाणवत नसतं.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमकं हेच हेरलं. ताण कळला नाही तर तो सोडता येत नाही. म्हणून त्यांनी लोकांना एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायला आणि मग सोडायला शिकवलं. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या क्रमिक शिथिलीकरणाचा पाया हाच आहे. म्हणजे सैल सोडण्याची वाट आकुंचनातूनच जाते. माझ्या वर्गात मी शवासनाआधी सगळ्यांना सावकाश सूर्यनमस्कार घालायला लावते. त्यानंतर त्याच माणसाचं मनगट उचलून सोडलं की हात धपकन खाली येतो. खांदे टेकलेले असतात, श्वास पोटात उतरलेला असतो, आणि त्यासाठी मला सूचना द्यावी लागत नाही.

मेसेजमध्ये या बाबतीत कणभर तथ्य आहे, तेही सांगते. सवय नसताना एकदम जोर-बैठका काढल्या किंवा जिममध्ये जड वजनं उचलली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं. ठणकणाऱ्या मांड्या घेऊन निश्चल पडणं अवघडच. पण त्यावर उपाय व्यायाम हळूहळू वाढवणं हा आहे.

हृदयाची गती वाढते हे खरं, पण व्यायाम चालू असेपर्यंतच. थांबल्यावर ती उतरते, आणि भरभर चालून आल्यानंतर रक्तदाबही काही तास थोडा खालीच राहतो. वर्षानुवर्षं पळणाऱ्या-पोहणाऱ्यांची विश्रांतीतली नाडी न पळणाऱ्यांपेक्षा संथ असते. निश्चल पडून साधना करणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं?

प्राण खर्च होतो म्हणणाऱ्यांनी आपल्याच परंपरेकडे बघावं. व्यायामानं काय मिळतं हे सांगताना आयुर्वेदाचे ग्रंथकार वाग्भट यांनी पहिला शब्द लिहिला तो ‘लाघव’, अंगाचा हलकेपणा. मर्यादाही त्यांनीच घातली: बलवान माणसानंसुद्धा अर्ध्या शक्तीनंच व्यायाम करावा. आणि लोणावळा काही दूर नाही. तिथं १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था उभी करणारे स्वामी कुवलयानंद आधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले आणि मग योगी माधवदासजींकडे योग शिकले. प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजायला निघालेल्या या माणसाला आखाड्याची अडचण कधी झाली नाही.

ग्रंथाचा दाखला देताना मेसेजवाल्यानं हठप्रदीपिकेतला अर्धा श्लोक उचललाय: ‘अत्याहारः प्रयासश्च प्रजल्पो नियमाग्रहः’. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींच्या या यादीत अतिश्रम आहेत, हे बरोबर. पण त्याच ओळीत नियमाग्रहही आहे, आणि ‘४० दिवस म्हणजे ४० दिवस’ हा हट्ट त्यातच मोडतो. थोडं पुढे गेलं की तोच ग्रंथ सांगतो, आसन हे हठाचं पहिलं अंग आहे आणि त्यानं स्थैर्य, आरोग्य आणि अंगलाघव येतं. शवासनाची ओळही त्याच पहिल्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, आहे: ‘शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’. थकवा घालवणारं आसन सांगणाऱ्यानं शिष्य थकेपर्यंत काहीतरी करत असणार हे गृहीतच धरलंय.

पहाटेच्या वेळेबद्दल मात्र मेसेज चुकत नाही, कारण तेवढं चुकीचं देतो. झोपेत साधारण दर दीड तासानं स्वप्नांचा टप्पा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. या टप्प्यात श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर बाकी शरीर मेंदूकडूनच ढिलं पाडलं जातं. मन जागं झालं आणि हा ढिलेपणा उरला, की हलता येत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, कानात घुमतं, कधी आपण तरंगतोय असं जाणवतं. शरीराबाहेर गेल्याचा अनुभव पुष्कळांना इथूनच येतो. तो अनुभव येतो याबद्दल माझं दुमत नाही. देहातून खरंच काही बाहेर पडतं याला मात्र आजवर पुरावा मिळालेला नाही. २००२ साली मेंदूविकारतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या, एका रुग्णाच्या मेंदूत उजव्या बाजूला, कानाच्या थोडं वर-मागे असलेल्या भागाला विजेचं हलकं उद्दीपन दिल्यावर हाच अनुभव निर्माण करता आला. तोल आणि शरीराची जागा यांची जाणीव जुळवणारा हा भाग आहे.

व्यायाम आणि साधना यांचा खरा संबंध वेळेचा आहे. सिंहगड चढून-उतरून आलात त्या रात्री प्रयत्न करू नका. दमलेलं शरीर आधी गाढ झोप घेतं, स्वप्नांचा टप्पा मागे पडतो, आणि तुम्ही दोन मिनिटांत घोरायला लागता. त्या झोपेला अपयश समजून व्यायामाला दोष देणारे मी पाहिलेत. संध्याकाळी व्यायाम करायचा तर जोराचा भाग झोपण्याच्या किमान एक तास आधी संपवा. सकाळची टेकडी सर्वांत सोयीची. पहाटे उठून प्रयत्न करायचाच असेल तर रोज नको, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी, तोही सुट्टीचा असताना. रोज झोप मोडली की आडवं पडल्यावर हलता न येण्याचे घाबरवणारे प्रसंग वाढतात, आणि ती भीती शिथिलीकरण पार उधळून लावते. अपस्मार असलेल्यांनी तर झोप मोडण्याच्या वाटेला जाऊच नये.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांना एकच विनंती. बाकीचे मुद्दे पटले नाहीत तरी चालतील, पण त्याच ग्रुपवर पहाटेच्या घामाचा आणि साखरेचा मुद्दा आजच टाका.