परक्यांच्या पंगतीत

सकाळी आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "सव्हानाला चाललोय, पण ते मिसेस विल्क्स वगैरे नको. दीड तास उन्हात उभं राहायचं आणि अनोळखी लोकांत बसून जेवायचं?" (मिसेस विल्क्स म्हणजे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातली जुनी खाणावळ.) खाली अकरा अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अरे, त्या अनोळखी लोकांसाठीच तर जायचं!

गेल्या वर्षी आईला घेऊन गेले होते. जोन्स स्ट्रीटवर रांगेत तिचे गुडघे भरून आले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत दहा जणांचं टेबल. मेन्यूकार्ड नाही. वाडगे आधीच मांडलेले : तळलेलं चिकन, बिस्किटं (तिकडची, मऊ पावासारखी), गोड रताळी, पालेभाजी. आई एका वाडग्यात डोकावली. "अगं, ही चवळी!" पलीकडे टोमॅटोतली भेंडी. दोन्ही आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर तिकडे पोचलेल्या. शेजारच्या अलाबामाच्या आजींनी भेंडी पुढे केली, तर आईने आधी त्यांनाच वाढली. त्या हात आडवा करतायत, आई आणखी एक डाव घालतेय! इंग्रजी येतंय कुणाला?

१९४३ साली सेमा विल्क्सबाईंनी ही खाणावळ हाती घेतली. भाडेकरूंना एकत्र जेवू घालायचं घर होतं ते. बाई २००२ साली गेल्या, घरच्यांनी रीत मोडली नाही. राष्ट्राध्यक्ष असताना ओबामाही जेवून गेले तिथे. आणि आमच्या लोकांना स्वतंत्र टेबल हवं!

बरं, शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. तिकडे पालेभाजीतही डुकराचं मांस घालतात. आणि १९४३च्या जॉर्जियात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या टेबलावर जागा नव्हती, हेही मान्य. आपल्याकडे तरी काय, कुणाचं पान कुठे मांडायचं हे जात बघूनच ठरायचं ना? म्हणून तर आज कुणीही कुणाच्याही शेजारी बसतं, याचं मला एवढं अप्रूप आहे. ते सोडून तुम्हाला ऊन दिसतं.

जाऊ दे. चिडून लिहायचं नव्हतं खरं तर. आईची आठवण आली, एवढंच. ती आता पुण्यात आहे, एकटी जेवते.

तिथे जेवण झालं की आपलं ताट आपणच उचलून स्वयंपाकघरात न्यायचं असतं. आईने स्वतःचं उचललं, मग आजींच्या ताटाला हात घातला. आजी "नो मॅम, नो मॅम" म्हणत ते धरून बसल्या. शेवटी दोघी एकच ताट दोन बाजूंनी धरून आत गेल्या. मी मागे, आईची पर्स घेऊन.